सतराव्या रकान्यातले पाच दिवस

पीण्या, बेंगळुरू
४ जून २०२५

चि. संयोगिता,

आशीर्वाद. एवढं एक वाक्य तिन्ही कंपन्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. पुढचं मात्र फक्त तुझ्यापुरतं.

परवा तुमच्या इंदिरानगरच्या ऑफिसात तू मला 'सयाजीराव सर' म्हणालीस आणि मी तोंड मिटून बिस्किट खाल्लं. माझी आई कोल्हापूरकडची, तुझी आजी जमनाबाई तिची मावसबहीण. म्हणजे मी तुझा मामा लागतो. पण बैठकीत हे काढलं असतं तर वासुदेवनं 'सगळं घरातल्या घरात चाललंय' म्हणून टेबलावर उभं राहून भाषण केलं असतं. तूही काढलं नाहीस. हुशार आहेस, आजीवर गेलीस.

मेल का नाही केला, असं विचारशील. तुझाच नियम: या कामाबद्दलचा प्रत्येक मेल आणि प्रत्येक व्हॉट्सॲप तिन्ही कंपन्यांना दिसला पाहिजे. कागदाबद्दल तू काही बोललेली नाहीस. म्हणून हे पत्र नमुन्याच्या खोक्यात, तळाच्या पुठ्ठ्याखाली घालून धाडतोय.

मला समजलं ते असं. रंजिताची कंपनी उदबत्त्या करते, मी त्यांना खोकी करतो, वासुदेव लॉऱ्यांतून माल वाहतो. आजवर आम्ही एकमेकांना फोन करत होतो. आता तुमची कंपनी करून देणार ती तिघांची मिळून एकच सिस्टिम. रंजिताच्या गोदामात किती खोकी उरली ते मला इथे बसून दिसणार, माझ्या यंत्रावर काय चाललंय ते तिला दिसणार, आणि वासुदेवची लॉरी कुठे उभी आहे ते आम्हा दोघांना दिसणार. कल्पना झकास आहे. एकत्र कुटुंबातसुद्धा सुरुवातीला अशाच कल्पना असतात.

त्यासाठी तू चौसष्ट रकान्यांचा तक्ता दिलास. त्रेसष्ट भरले. अडलोय सतराव्यापाशी: 'ऑर्डर मिळाल्यापासून खोकी तयार होईपर्यंत लागणारे प्रत्यक्ष दिवस.' हा कोरा ठेवला तर चालेल का? नाहीतर निदान 'प्रत्यक्ष' हा शब्द काढ.

मामी म्हणते, जयनगरला जेवायला ये. ती नातं लपवणार नाही.

तुझा,
सयाजीमामा


एचएसआर लेआउट
७ जून

ती. मामा,

नमस्कार. खोकं मिळालं आणि पत्रही. मी कात्रीनं तळ उचकटत होते ते पाहून आमचे साहेब अख्ख्या मजल्याला म्हणाले, "देखो, इसको बोलते हैं क्वालिटी चेक!" आता तुमचा नमुना मी पास न करून सांगते कुणाला.

नातं मी मुद्दाम काढलं नाही. पुण्याहून इथे येऊन मला सव्वा वर्ष झालं आणि हे माझं पहिलं मोठं काम. एकतीस जुलैच्या आत तिन्ही कंपन्यांचे रकाने जुळले नाहीत तर प्रोजेक्ट गुंडाळणार, म्हणजे मलाही. आईनं 'मी म्हणतच होते' हे वाक्य वर्षभर फ्रीजमध्ये ताजं ठेवलंय, ते वाढायला तिला फार आवडेल.

कोरा नाही चालणार. सतरा हाच सगळ्याचा पाया आहे. सिस्टिम तिथूनच उलटी मोजते: उदबत्त्या कधी भरायच्या, त्याआधी खोकी कधी हवीत, त्याआधी लॉरी तुमच्या दारात कधी. तो आकडा चुकला की पुढचं सगळं चुकलं. आणि 'प्रत्यक्ष' तर मी मुद्दाम घातलाय.

आणखी एक. बैठकीत सांगितलंच होतं, पण तुम्ही बिस्किट खात होता. होसूरच्या एका नव्या खोकीवाल्यानंही तक्ता भरलाय. सतराव्यात त्यानं आठ लिहिलंय. तीस जूनला तुम्हा दोघांना एकाच वेळी एकेक चाचणीची ऑर्डर जाईल. ज्याचं काम सिस्टिममध्ये चांगलं दिसेल त्याला श्रावणापासून दिवाळीपर्यंतची सगळी खोकी.

मामा, जे खरं आहे ते लिहून टाका. त्यात एवढं काय?

तुमची,
संयोगिता


पीण्या
१२ जून

चि. संयोगिता,

'त्यात एवढं काय' म्हणालीस म्हणून सांगतो.

बारा. सव्वीस वर्षं मी रंजिताच्या अप्पांना बारा दिवस सांगत आलो. लागतात पाच. एक दिवस छपाई, एक वाळायला, एक कापायला, दोन चिकटवायला.

मग वरचे सात? ऐक. ऑर्डर आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन: "सयाजीअण्णा, खोक्यावरच्या लक्ष्मीच्या साडीचा रंग स्वल्प बदला." स्वल्प म्हणजे थोडासा, पण साडी थोडीशी बदलली तरी छपाई पहिल्यापासून करावी लागते. पाचव्या दिवशी: "आतला वास मोगरा नाही, चंदन." म्हणजे खोक्यावरची फुलं गेली, झाड आलं. पाच सांगितले असते तर मी सव्वीस वर्षं उशिरा खोकी देणारा म्हणून ओळखला गेलो असतो. बारा सांगितले, म्हणून मी 'वेळेचा पक्का' आहे.

आणि मी एकटा नाही. अप्पा म्हणायचे, "पंधरा तारखेला नाही मिळाली तर कारखाना बंद पडेल, अण्णा!" कारखान्याला खोकी लागायची बावीसला. वासुदेव हुबळीला दोन दिवस सांगतो. रस्ता एका दिवसाचा आहे, पण त्याच्या ड्रायव्हरची, संताजीची, सासुरवाडी वाटेत दावणगेरेला आहे. कोण किती वाढवून सांगतं याचा प्रत्येकाला अंदाज होता, उघड बोललं मात्र कुणीच नाही. शिंपी शिवणीच्या आत माया ठेवतो ना, तसं. त्याला कोणी खोटं कापड म्हणत नाही.

आता माझी अडचण बघ. बारा लिहितो तर होसूरचा आठवाला मोसम घेऊन जातो. पाच लिहितो तर सव्वीस वर्षांचा खोटारडा ठरतो. सात लिहितो तर ते नवीन खोटं. या वयात लक्षात कोण ठेवणार? माझ्याकडे चाळीस माणसं आहेत आणि वर्षातलं दहा आणे काम या एका मोसमाचं. ते गेलं तर उरलेल्या सहा आण्यांत चाळीस माणसं बसत नाहीत.

तूच सांग काय लिहू.

सयाजीमामा


एचएसआर लेआउट
१६ जून

ती. मामा,

पाच लिहा. आजच लिहा.

तुमच्या साडीचा बंदोबस्त मी केलाय. तक्त्यात रकाना एकतीस आहे, तिथे आता असं घातलंय: ऑर्डर टाकल्यावर लक्ष्मीनं साडी बदलली तर दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. साहेबांनी वाचून विचारलं, "ये लक्ष्मी कौन है, वेंडर है क्या?" तर आता तुम्हाला माया ठेवायची गरज उरली नाही.

खोटारडे ठरण्याचं म्हणाल, तर जुन्या गोष्टी कुठल्याच रकान्यात नाहीत. आणि तुम्ही एकटे नाही हे मलाही कळलंय. एका कंपनीच्या एका बाईंनी (नाव सांगणं नियमात बसत नाही) परवा मला कॉफीला नेऊन विचारलं, 'खोकी नक्की कधी लागतात' हा रकाना कोरा ठेवला तर चालेल का.

मी शब्द देते मामा: तुम्ही जो आकडा लिहाल तोच सगळ्यांना दिसेल. बाकी सिस्टिम बघून घेईल.

संयोगिता

ता. क. रविवारी मामींच्या हातचं जेवले. माझ्या लेकीला, स्वानंदीला, इथल्या शाळेत वर्षभर मैत्रीण नव्हती; तुमच्या शेजारच्या मुलीनं तिला दोन तासांत कानडी शिव्या शिकवल्या. आभार कोणाचे मानू?


पीण्या
५ जुलै

चि. संयोगिता,

तिन्ही कंपन्यांत बाई एकच आहे हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं. पण ते राहू दे. तुझी सिस्टिम कशी बघून घेते ते मी या आठवड्यात बघून घेतलं.

सोमवारी सकाळी चाचणीची ऑर्डर आली. सतराव्यात पाच. छाती काढून छपाईला घेतलं. मंगळवारी दुपारी जेवायला बसतोय तर दारात वासुदेवची लॉरी.

"काय रे संताजी?"

"खोकी न्यायला आलो, अण्णा."

"ती शुक्रवारी संध्याकाळी."

"फोनवर तर आजच दाखवतंय." त्यानं फोन दाखवला. दाखवत होतं खरंच. दीड दिवस.

आत लक्ष्मी अजून ओली होती. मी वासुदेवला फोन केला, तो म्हणाला, "सिस्टिम म्हणाली जा, मी पाठवली. आता परत बोलावलं तर माझी लॉरी लाल होते." म्हणजे लॉरी हलेना, आणि मी लाल. होय, मी लाल. माझ्या नावापुढे तांबडा ठिपका आणि दर तासाला वाढणारा उशीर, तिन्ही कंपन्यांच्या भिंतीवरच्या पडद्यांवर. शेजारचा चहावालासुद्धा येऊन विचारून गेला, "अण्णा, तुम्हाला काही झालं का?"

संताजी शुक्रवारपर्यंत इथेच. मामीनं जयनगरहून त्याच्यासाठी रोज सारू-भात धाडला. जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सासुरवाडीलाही मला इतके दिवस कोणी ठेवून घेतलं नाही." शुक्रवारी संध्याकाळी, पाचवा दिवस संपायच्या आत, खोकी लॉरीत चढली. पडद्यावर लागलं: साडेतीन दिवस उशीर.

बारा सांगत होतो तोवर मी सव्वीस वर्षांत एकदाही उशीर केला नाही. खरं लिहिलं आणि पहिल्याच खेपेला लाल झालो. तू शब्द दिला होतास, मी लिहीन तोच आकडा दिसेल म्हणून. मी पाच लिहिले. दीड कुठून आला?

सयाजीमामा


एचएसआर लेआउट
१० जुलै

ती. मामा,

सापडला. आधी बसून घ्या.

तीन दिवस मी आमचीच सिस्टिम उसवत होते. चूक तिथे नव्हती. तुमचा तक्ता आधी रंजिता मॅडमच्या जुन्या एक्सेलमध्ये जातो, सिस्टिम आकडे तिथून उचलते, आणि त्यात तुमच्या नावाशेजारी एक सूत्र दडलेलं होतं: 'अर्धे, वजा एक.' मी त्यांना विचारलं तर त्यांनी ड्रॉवरमधून अप्पांची वही काढली. कंपनी सोपवताना अप्पांनी किल्ल्यांबरोबर ही वही दिली होती. त्यात प्रत्येक माणसाच्या बोलण्याचा हिशेब. तुमच्यापुढे लिहिलंय: 'सयाजी. सांगेल त्याचे अर्धे, वजा एक.'

बाराचे अर्धे सहा. वजा एक, पाच.

मामा, अप्पांना पाच माहीत होते. पहिल्यापासून.

आणि आता तुम्ही पाच लिहिले, त्यांचे अर्धे झाले अडीच, वजा एक, दीड. मी म्हटलं, सूत्र काढून टाका. रंजिता मॅडम म्हणाल्या, "का? सयाजीअण्णा नेहमी दुपटीच्या वर सांगतात. या वेळी भाव खालून सुरू केलाय, एवढंच. होसूरवाला दिसला म्हणून. आणखी खाली येतील." होसूरवाल्याची खोकी आठऐवजी दहा दिवसांनी आली, पण त्याच्या नावाशेजारी सूत्र नाही. तो दोन दिवस उशिरा, तुम्ही साडेतीन. त्याच्यापेक्षा निम्म्या वेळात काम करून तुम्ही खाली आहात.

मंगळवारी, पंधराला, निर्णयाची बैठक. तुम्ही आता खरं बोलताय हे दाखवायला माझ्याकडे एकच पुरावा आहे: तुमचं बारा जूनचं पत्र. चाचणीच्या आधीचं, तारखेसकट. ते दाखवायची परवानगी द्या. मग मला हेही सांगावं लागेल की मी एका कंपनीशी गुपचूप पत्रव्यवहार करत होते. नियम मीच केला, मोडलाही मीच. निदान काम एका हाती राहिलं.

शब्द मी दिला होता. तुमचं काम माझ्यामुळे जाणार असेल तर माझं राखून मी काय करू?

संयोगिता


पीण्या
१२ जुलै

चि. संयोगिता,

ते पत्र दाखवायचं नाही. त्यात संताजीच्या सासुरवाडीचं लिहिलंय. तीन दिवस माझ्या घरचं जेवलेल्या माणसाची नोकरी मी घालवणार नाही.

जे सांगायचं ते मी माझ्या तोंडानं सांगेन. तू गप्प बस. तुझ्या आईचं फ्रीजमधलं वाक्य तिथेच राहू दे.

अप्पांना माहीत होतं! आणि दर वेळी कपाळाला हात लावून म्हणायचे, "बारा दिवस? मेलो मी, अण्णा!"

सयाजीमामा


पीण्या
१६ जुलै

चि. संयोगिता,

तू माझं ऐकलं नाहीस. बैठकीत पाण्याचे ग्लास फिरायच्या आत उभी राहून म्हणालीस, "सयाजीराव माझे मामा आहेत आणि आम्ही जूनपासून एकमेकांना पत्रं लिहितोय." वासुदेवच्या हातातला वडा सांबारात पडला. तुझ्या साहेबांनी तुला बाहेर बसवलं, आणि आमचं संपेपर्यंत तू स्वानंदीच्या शाळेत निघून गेलीस. फोन करणार होतो, पण म्हटलं, आता लपवायचं काही उरलं नाही तर निवांत लिहावं.

तू गेल्यावर मी उठलो. मी म्हटलं, "रंजिताम्मा, तुझ्या अप्पांना मी सव्वीस वर्षं बारा सांगितले आणि पाचात काम केलं. आता पाच लिहिलेत ते खरे पाच आहेत. त्यांचं आणखी काही करू नको."

तिनं अप्पांची वही पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही अप्पांना सव्वीस वर्षं फसवलंत?"

"नाही अम्मा," मी म्हटलं. "फसायला आधी विश्वास ठेवावा लागतो. अप्पांनी माझ्या आकड्यावर एक दिवस ठेवला नाही. म्हणून तर आमचं इतकं जमलं."

कोणीच हसेना. मला वाटलं, गेलो. चाळीस माणसांचे चेहरे डोळ्यांपुढून गेले, खोटं नाही सांगत. मग वासुदेव मोठ्यानं म्हणाला, "मला काय लिहिलंय त्या वहीत?"

रंजितानं पान उलटलं. "वासुदेव. 'लॉरी निघाली' म्हणाला की लॉरी धुवायला घेतली समजावं."

"हे अप्पांनी लिहिलं?"

"हो."

"बरोबर आहे," वासुदेव म्हणाला. "पण मग माझंही ऐका. माझ्या बापानं मला सांगितलंय, उदबत्तीवाल्यांची तारीख आली की तिच्यात सात मिळवायचे." मी म्हटलं, "मी पण सातच मिळवतो." रंजिता लाल झाली, तुझ्या पडद्यासारखी. तिनं तो कॉफीतला रकाना कोराच सोडलेला होता हे तुझ्या साहेबांनी त्याच वेळी वाचून दाखवलं. त्या माणसाला वेळेचं भान नाही, पण या वेळी उपयोगी पडला.

तिनं शेवटचं विचारलं, "पाच म्हणजे नक्की पाच? कशावरून?"

पुरावा कुठून आणणार? तू बाहेर, पत्र तुझ्या पिशवीत. पण खाली लॉरीत संताजी होता. वासुदेवनं त्याला वर बोलावलं. तो एसीत कुडकुडत उभा राहिला आणि सांगत गेला: सोमवारी छापली म्हणे, मंगळवारी मी गेलो तेव्हा ओली होती, बुधवारी कापली, गुरुवारी आणि शुक्रवारी चिकटवली. "मधे कोणी रिकामं बसलं नाही, अक्का. मला बसून बसून लाज वाटली म्हणून शंभरेक खोकी मीच चिकटवली." इथे रंजिता हसली. होसूरच्या खोक्यांचा असा साक्षीदार कोणी नव्हता. तिथे लॉरी दोनदा रिकामी परतली होती.

रंजितानं लॅपटॉप ओढला आणि माझ्या नावाशेजारचं सूत्र आपल्या हातानं पुसलं. पुसताना म्हणाली, "अप्पांना वाईट वाटेल." मी म्हटलं, त्यांना मी समजावतो, रविवारी जाणारच आहे. तिनं कोऱ्या रकान्यात बावीसच्या जागी बावीस लिहिलं. वासुदेवनं हुबळीपुढे 'एक दिवस' लिहिलं, संताजीकडे पाहिलं आणि खाली टीप घातली: 'दावणगेरेला अर्धा दिवस मुक्काम.' आता ते अधिकृत झालंय. मोसम माझा. श्रावण ते दिवाळी.

राहिलीस तू. साहेब म्हणाले, "और इनका क्या करें? नियम तोड़ा है, और इकतीस जुलाई तक भी नहीं हो पाएगा." रंजितानं वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यावर अक्षर अप्पांचं नव्हतं, तिचं होतं. वाचून दाखवलं: "संयोगिता मॅडम. एकतीस जुलै म्हणजे दसरा." मग साहेबांना म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून दसरा धरून चाललेय. माझ्या हिशेबानं मॅडम वेळेच्या पुढे आहेत. बदलू नका." तेव्हा सोमवारी कामावर जा. तुझ्या साहेबांनी तुला एवढीच शिक्षा दिलीय: तक्त्यात पासष्टावा रकाना घालायचा, 'कोण कोणाचं कोण लागतं'. सांभाळून घाल. बेंगळुरातली आम्ही जुनी मराठी घरं त्यात भरायला बसलो तर पुढचा दसरा येईल.

श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या सणाची ऑर्डर आज दहा वाजता आली. साडी हिरवी. मी पाच लिहिले आणि पडद्यावर पाचच उमटले. आजवर ऑर्डर आली की मी आधी कॉफी प्यायचो, मग पेपर वाचायचो, तिसऱ्या दिवशी शाई मागवायचो. आज ही ओळ लिहीपर्यंत आतून दोनदा हाक आली.

जास्त लिहीत नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मला घाई आहे.

तुझा,
सयाजीमामा